कठड्यावरची गर्दी आणि खिडकीवरची गर्दी

काका चाळीस वर्षं पुण्याच्या रेसकोर्सवर जाणारे. गेल्या उन्हाळ्यात ते आमच्याकडे न्यू जर्सीला आले, तेव्हा त्यांना आणि माझ्या दहा वर्षांच्या भाचीला एका शुक्रवारी रात्री मेडोलँड्सला घेऊन गेलो. ईस्ट रदरफोर्डचा हा ट्रॅक हार्नेस रेसिंगचा. इथे घोड्याच्या पाठीवर जॉकी नसतो. मागे दोन चाकांची हलकी गाडी जुंपलेली असते, तिला सल्की म्हणतात, आणि तिच्यात पाय पुढे ताणून ड्रायव्हर बसतो. टांग्यातून टप, आसन, सवारी सगळं काढून टाकलं तर जे उरेल ते.

काकांनी आत शिरताच प्रोग्रॅम घेतला, चष्मा बदलला आणि टीव्हींच्या भिंतीसमोरची खुर्ची पकडली. भाची बाहेर कठड्याला चिकटली. परत येताना गाडीत हिशेब निघाला. काकांनी नऊ रेसवर पैसे लावले होते, त्यातल्या चार कॅनडात पळाल्या होत्या, आणि प्रत्यक्षात त्यांनी एकही घोडा पाहिला नव्हता. भाचीने सगळे घोडे पाहिले, दोघांची नावं पाठ केली, आणि तिच्याकडून धंदा झाला तो फ्रेंच फ्राइजचा.

‘नवीन लोक ट्रॅकवर यायला हवेत’ हे हार्नेस रेसिंगमधलं जुनं रडगाणं आहे. पण नवीन लोक म्हणजे काका की भाची? बोलताना दोघांना आपण ‘रेसला जाणारे’ म्हणून एकाच पोत्यात भरतो. प्रेक्षक आणि पंटर, म्हणजे पैज लावणारा, ही दोन वेगळी माणसं आहेत. एकाला आणण्यासाठी केलेला खर्च दुसऱ्याला आणतोच असं नाही, आणि कधीकधी एकाची सोय ही दुसऱ्याची गैरसोय असते.

आधी प्रेक्षक. त्याला काहीतरी दिसायला हवं आणि दिसलेलं कळायला हवं. हार्नेसचे घोडे चौखूर उधळत नाहीत, ठरलेल्या चालीत पळतात. ट्रॉटर म्हणजे दुडकी चालीचा, पुढचा डावा आणि मागचा उजवा पाय एकदम टाकणारा. पेसर एका बाजूचे दोन्ही पाय एकदम टाकतो. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात ज्या रेवाल चालीचं कौतुक होतं, तिची आठवण करून देणारी ही चाल, फक्त कितीतरी वेगवान. बुलडॉग हॅनोव्हर नावाच्या पेसरने जुलै २०२२ मध्ये याच मेडोलँड्सवर एक मैल १ मिनिट ४५.८ सेकंदांत कापला. घोड्याची चाल मोडली आणि तो चौखूर सुटला, तर ड्रायव्हरने त्याला आवरून पुन्हा चालीवर आणायचं. तोवर बाकीचे पुढे गेलेले असतात. हे कुणी दोन मिनिटं समजावून सांगितलं तर रेस एकदम रंगतदार होते. नाही सांगितलं, तर आघाडीचा घोडा अचानक मागे का पडला, हे पहिल्यांदा आलेल्याला कळतच नाही.

आणखी एक गोष्ट प्रेक्षकाच्या फार सोयीची आहे, आणि तिचा गाजावाजा का होत नाही हे मला न सुटलेलं कोडं. मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर जॉकीच्या अंगावर घोड्याच्या मालकाचे रंग असतात. एकच जॉकी दुपारी निळा तर तासाभराने पिवळा. हार्नेसमध्ये ड्रायव्हरचे रंग त्याचे स्वतःचे, सहसा सगळ्या कारकिर्दीत तेच. लांबूनही माणूस ओळखू येतो, क्रिकेटमधल्या जर्सीसारखा. शिवाय हे घोडे भरभक्कम स्टँडर्डब्रेड जातीचे, हंगामात आठवड्या-दोन आठवड्यांनी पुन्हा पळणारे, वर्षानुवर्षं टिकणारे. फॉइल्ड अगेन नावाचा पेसर २०१८ मध्ये, वयाच्या चौदाव्या वर्षी निवृत्त झाला तो १०९ रेस जिंकून. शेवटच्या वर्षी त्याला ट्रॅकोट्रॅकी निरोपासाठी फिरवलं, आणि त्याला बघायला लोक आले. त्याच्यावर पैसे लावणं शहाणपणाचं आहे का, हा प्रश्न त्यातल्या बहुतेकांना पडलाही नसेल.

पंटरला मात्र तोच प्रश्न पडतो. म्हातारा लाडका घोडा त्याच्या काहीच कामाचा नाही, आणि अजिंक्य घोडा तर मुळीच नाही. सगळं मैदान ज्याच्यासाठी उठून उभं राहतं, त्या चॅम्पियनवर दोन डॉलर लावले तर परत मिळतात दोन डॉलर दहा सेंट. त्याला हवी असते आठ-दहा घोड्यांची, कोण जिंकेल याचा पत्ता न लागणारी, नावानिशी कुणाला आठवणार नाही अशी रेस.

आणि हवा असतो भाव. इथलं बेटिंग आपल्या टोटसारखंच: सगळ्यांचे पैसे एका गल्ल्यात जमतात, त्यातून ट्रॅक आणि सरकार आपली कपात काढून घेतात, उरलेले जिंकणाऱ्यांत वाटतात. घोड्यांच्या बक्षिसांचे काही पैसेही याच कपातीतून येतात. उत्तर अमेरिकेत विन-प्लेससारख्या, म्हणजे घोडा पहिला किंवा पहिल्या दोनांत येईल अशा, साध्या पैजेवर ती साधारण १७ टक्क्यांच्या आसपास असते, तर पहिले तीन घोडे क्रमाने सांगायच्या ट्रायफेक्टासारख्या पैजेवर २५ टक्क्यांपर्यंत जाते. नवशिक्याला हा आकडा दिसत नाही, पण जाणवतो. १०० डॉलर घेऊन आलेला सरासरी नशिबाचा माणूस हातातले पैसे पुन्हापुन्हा लावत गेला, तर १७ टक्क्यांत पहिल्या फेरीनंतर त्याच्याकडे ८३ उरतात, मग ६९, मग ५७, चौथ्या फेरीनंतर ४७. पंचवीस टक्क्यांत ७५, ५६, ४२ आणि ३२. दोघंही शेवटी हरणारच, पण पहिल्याची रात्र लांबते. गंमत अशी की सगळे पैसे संपेपर्यंत दोघंही खेळले, तर ट्रॅकच्या कपातीत दोघांचेही शंभरच जातात. फरक इतकाच की पहिल्याने तोवर ५८८ डॉलरच्या पैजा लावलेल्या असतात, दुसऱ्याने ४००. अर्थात हे गणित माणूस परत येईल असं धरून आहे. दोन रेसमध्ये खिसा रिकामा झालेला नवशिका परत येत नाही.

काकांना हे समजावून सांगायची गरजच नव्हती. आपल्याकडे २०१७ मध्ये रेसच्या पैजेवर २८ टक्के जीएसटी आला, सप्टेंबर २०२५ मध्ये तो ४० टक्के झाला. फेब्रुवारीत महालक्ष्मीवर इंडियन डर्बी बघायला टोप्या घालून येणाऱ्या पाहुण्यांना त्याचं काही सोयरसुतक नाही. रोजच्या पंटरचं कंबरडं मोडतं ते यानेच.

दोघं एकत्र नांदले, असाही काळ होऊन गेला. लाँग आयलंडवर १९४० मध्ये रूझवेल्ट रेसवे सुरू झाला: रात्रीच्या रेस, दिव्यांचा झगझगाट, कायदेशीर टोट. पण सुरुवात नीट होत नसे. घोडे धावतच रेषेवर येत, एखादा पुढे-मागे झाला की सगळ्यांना परत बोलवायचं, पुन्हा तेच. लोक कंटाळून घरी जात. मग १९४६ मध्ये स्टीफन फिलिप्सने बनवलेलं चालतं फाटक तिथे आलं. मोटारीच्या मागच्या बाजूला दोन लांब पंख. घोडे त्या पंखांशी नाक लावून धावत येतात, रेषेवर मोटार वेग वाढवून पंख मिटते आणि बाजूला होते. एका मोटारीने दोघांची कामं केली. प्रेक्षकाचा कंटाळा गेला, कारण रेस वेळेवर सुटायला लागली. पंटरची शंका गेली, कारण सगळे एका ओळीत सुटायला लागले. १९६० मध्ये याच मैदानावर एका रात्री पन्नास हजारांहून जास्त लोक होते.

त्या काळी पंटरला प्रेक्षक व्हावंच लागे, हेही खरं. कायदेशीर पैज लावायची तर ट्रॅकवरच जावं लागायचं. न्यू यॉर्क शहराने १९७१ मध्ये गल्लोगल्ली सरकारी बेटिंगची दुकानं उघडली आणि दोघांचा घटस्फोट सुरू झाला. पुढे टीव्हीवरचं प्रक्षेपण आणि फोन यांनी तो पुरा केला. रूझवेल्ट १९८८ मध्ये बंद पडला. आज अमेरिकेत बहुतेक पैजा रेस जिथे होते त्या ट्रॅकच्या बाहेरून लागतात. अशा पैजेतला लहानसा वाटाच रेस भरवणाऱ्या ट्रॅकला मिळतो. तीच पैज त्याच्या स्वतःच्या खिडकीवर लागली, तर कितीतरी जास्त. म्हणून रिकाम्या स्टँडचं दुःख नुसतं भावनिक नाही.

नुसता प्रेक्षक कसा असतो ते पाहायचं तर सप्टेंबरात ओहायोतल्या डेलावेअरला जायला हवं. तिथल्या काउंटी फेअरमध्ये, म्हणजे चक्क जत्रेत, १९४६ पासून लिटल ब्राउन जग ही पेसर्सची मोठी रेस होते, तीही गुरुवारी भर दुपारी. कितीतरी दिवस आधी लोक आपापल्या घडीच्या खुर्च्या कुंपणाला बांधून जागा धरून ठेवतात. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीच्या घाटावर पहाटेपासून बसलेली माणसं आठवावीत. गावची यात्रा, ओळखीची दावण, खाणंपिणं, आणि मधूनमधून शर्यत. ट्रॅक अर्ध्या मैलाचा, त्यामुळे मैलाच्या रेसमध्ये घोडे पुन्हापुन्हा डोळ्यांसमोरून जातात, आणि चाकांचा आवाज, ड्रायव्हरांच्या हाळ्या कानांवर पडतात. पंटर याच अर्ध्या मैलाच्या ट्रॅकवर कुरकुरतो. वळणं जवळजवळ असल्याने आतल्या जागेवरून सुटलेल्याचं फावतं, बाहेरच्या सातव्या-आठव्या नंबरचा घोडा सहसा धापा टाकत मागे राहतो. अर्धे घोडे सुरुवातीलाच बाद, तर पैज कशावर लावायची? मेडोलँड्सचा मैलाचा ट्रॅक त्याला आवडतो, आणि तिथे कठड्यावर उभ्या असलेल्या भाचीला घोडे पलीकडच्या बाजूला ठिपक्यांएवढे दिसतात.

हे भेद न ओळखता केलेल्या युक्त्या पुष्कळ. काही ट्रॅकवर उंटांच्या, शहामृगांच्या, आखूड पायांच्या डॅशहुंड कुत्र्यांच्या शर्यती ठेवतात. गर्दी होते, पोरं खूश होतात, खिडकीवर शुकशुकाट. उलट बाजूने, मेडोलँड्सने जुलै २०१८ मध्ये खेळांवरच्या बेटिंगचं दालन उघडलं. इथे आलेले लोक पैज लावणारेच आहेत, मग घोड्यांकडे का वळत नाहीत? कारण साधं आहे. फुटबॉलच्या नेहमीच्या पैजेत ११० लावून १०० जिंकता येतात, म्हणजे बेटिंग चालवणाऱ्याची कपात साडेचार टक्क्यांच्या आसपास. तिथून उठून सतरा टक्क्यांच्या खिडकीवर यायला त्याला काहीतरी कारण द्यावं लागेल. ट्रॅकवरच बसवलेल्या जुगाराच्या स्लॉट मशीनबद्दल तर बोलायलाच नको. त्यांच्या पैशाने बक्षिसं वाढली, मालक सुखावले, पण मशीनसमोर बसलेला माणूस प्रेक्षकही नाही आणि पंटरही नाही.

मला पटलेली युक्ती स्वीडनची. तिथे एटीजी ही संस्था १९७४ पासून घोड्यांचं बेटिंग चालवते आणि तिची मालकी रेसिंगच्या खेळाकडेच आहे. १९९३ पासून २०२५ पर्यंत तिने शनिवारी व्ही ७५ नावाचा खेळ चालवला: सात रेसचे सात विजेते ओळखायचे. आपल्या जॅकपॉटचाच मोठा भाऊ. पण एका ओळीची, म्हणजे सात घोड्यांच्या एका जुळणीची, किंमत होती फक्त अर्धा क्रोना. दोन रेसमध्ये एकेक पक्का घोडा धरा, बाकी पाचांत दोन, तीन, तीन, चार आणि पाच घोडे घ्या: ३६० ओळी, १८० क्रोना. ऑफिसातले सहाजण मिळून काढले, तर माणशी ३०. ज्याला काहीच कळत नाही त्याला संगणक ‘हॅरी बॉय’ या नावाने घोडे निवडून देतो. थोड्या पैशात सातही रेस बघायला कारण मिळायचं, पाच बरोबर आले तरी हाती काही लागू शकायचं, आणि गल्ला मोठा असल्याने जुना पंटरही तिथेच यायचा. खेळ बघता बघता माणूस पैज लावायला शिकतो, किंवा पैजेपायी खेळ बघायला लागतो; कोणतं आधी हे विचारायची गरज पडत नाही.

त्या रात्री मेडोलँड्सवर शेवटच्या आधीची रेस होती. भाची धावत आत आली. फलकावर सुटायला शून्य मिनिटं दाखवत होते आणि घोडे अजून निवांत फेऱ्या मारत होते. हा अमेरिकन ट्रॅकांचा जुना रिवाज: शेवटच्या मिनिटाला जास्त पैसे लागतात म्हणून शून्यावर घड्याळ थांबवून ठेवायचं आणि खिडकी चालू ठेवायची.

“काकाआजोबा, शून्य झालं तरी रेस सुरू का होत नाहीये?”

काका खिडकीच्या रांगेत तिसरे होते. पुढचा माणूस सुट्या नोटा मोजत होता.

“होईल गं,” ते मान न वळवता म्हणाले, “अजून दोन मिनिटं थांबू दे की त्यांना.”