बोट कापण्याआधी पायाचा रक्तप्रवाह तपासा

मधुमेही माणसाच्या पायाचं बोट काळं पडलं की घरात पहिला प्रश्न येतो, ‘कुठून कापावं लागेल?’ त्याआधी विचारायला हवं ते हे, की पावलापर्यंत रक्त पोहोचतंय का? ते पोहोचत नसेल तर बोट कापल्याची जखमही चिघळते. मग पाऊल, मग पोटरी, अशी कापाकापी वर चढत जाते.

हे तपासायला घोट्याच्या रक्तदाबाला दंडाच्या रक्तदाबानं भागायचं. उत्तर ०.९च्या खाली आलं तर रोहिणी, म्हणजे हृदयाकडून रक्त आणणारी वाहिनी, अरुंद झालेली असते. मात्र मधुमेहात हा आकडा फसवतो. भिंतीत कॅल्शियम साचून रोहिणी इतकी कडक होते की पट्टा फुगवला तरी दबत नाही, आणि उत्तर १.४च्याही वर जातं. म्हणून पायाच्या अंगठ्याचा रक्तदाब मोजून घ्याच. तो पाऱ्याच्या ३० मिमीच्या खाली असेल तर जखम आपोआप भरण्याची आशा फार थोडी.

१६ जानेवारी १९६४ला अमेरिकेत पोर्टलंडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी, पाय कापून घ्यायला नकार देणाऱ्या ८२ वर्षांच्या बाईंच्या मांडीतली रोहिणी एकीवर एक जाड नळ्या सरकवून रुंद केली. पाय वाचला. दहा वर्षांनी झुरिकमध्ये आंड्रेआस ग्रुंट्झिग यांनी त्या नळ्यांच्या जागी फुगा आणला.

आजही या उपचाराला सहसा पूर्ण भूल लागत नाही. जांघ बधिर करून सुईच्या वाटेनं आतून जेमतेम २ मिमी रुंद नळी बसवतात, रक्त गोठू नये म्हणून हेपॅरिन देतात आणि ०.०१४ इंची तार आत सोडतात. खरी कसोटी या तारेची. गच्च बुजलेल्या जागी तिचं टोक भिंतीच्या थरांत शिरतं. तिथून ते पुन्हा पोकळीत आलं नाही, तर पावलाच्या रोहिणीत सुई घालून खालून दुसरी तार वर पाठवतात. तार पार झाली की तिच्यावरून फुगा जातो: मांडीत साधारण ५–६ मिमीचा, गुडघ्याखाली २–३ मिमीचा. तो दोन-तीन मिनिटं फुगलेलाच ठेवायचा. घाई केली तर भिंत लगेच आखडते किंवा तिचा चिरलेला थर आत लोंबतो.

गुडघ्याखालची रोहिणी काही महिन्यांत पुन्हा अरुंद होऊ शकते. तरी हा खटाटोप वाया जात नाही: जखम भरायला जितकं रक्त लागतं, त्याहून भरलेली त्वचा टिकवायला कमी लागतं.

पू झाला असेल तर मात्र त्याचा निचरा आधी, ताबडतोब. बोट कोरडं काळं असेल तर आधी रक्तप्रवाह, बोट नंतर.