खातेनिहाय चौकशी

गैरवर्तनाचा आरोप असलेल्या कामगाराला बडतर्फ करण्यापूर्वी मालकाने आपल्याच आस्थापनेत घ्यावयाची चौकशी. कारखान्यांत तिला ‘डोमेस्टिक एन्क्वायरी’ किंवा नुसतेच ‘एन्क्वायरी’ म्हणतात. भारतात बडतर्फीचे बहुतेक वाद हिच्यावरच अडतात. कामगाराने न्यायालयात दाद मागितली की त्याने चूक केली का, हा प्रश्न मागे राहतो. चौकशी न्याय्य रीतीने झाली का, हे आधी ठरते.

चौकशीची सुरुवात आरोपपत्राने होते आणि मालकाची पहिली चूकही तिथेच होते. ‘वरिष्ठांशी उद्धट वर्तन केले’ एवढ्यावर भागत नाही. कोणत्या तारखेला, कोणत्या पाळीत, पॅकिंग विभागात की गेटवर, कोणाची कॉलर धरली, काय शब्द वापरले, आणि स्थायी आदेशांच्या, म्हणजे आस्थापनेच्या नोकरीविषयक लेखी नियमांच्या, कोणत्या कलमाखाली ते गैरवर्तन ठरते, हे सारे लिहावे लागते. त्यावर कामगाराने दिलेला खुलासा असमाधानकारक वाटल्यास चौकशी अधिकारी नेमतात. तो बाहेरचा वकील असला तरी चालतो. मात्र तक्रारदार किंवा साक्षीदार स्वतःच चौकशी अधिकारी असू शकत नाही. साक्षी कामगारासमोर घ्यायच्या, उलटतपासणीची संधी द्यायची, कागदपत्रांच्या प्रती द्यायच्या, कामकाजाच्या पानापानावर सह्या घ्यायच्या. फौजदारी खटल्याइतका निःसंशय पुरावा लागत नाही, शक्यतेचा तोल, म्हणजे आरोप खरा असण्याची शक्यता अधिक दिसणे, पुरतो. कामगार निलंबित असल्यास स्थायी आदेशांच्या 1946 च्या कायद्यानुसार निर्वाह भत्ता पहिले 90 दिवस वेतनाच्या 50 टक्के असे. त्यानंतर विलंब कामगारामुळे झालेला नसेल तर तो 75 टक्के होई.

कामगार हजरच झाला नाही तर चौकशी एकतर्फी चालवता येते. अशा वेळी ‘घेण्यास नकार’ असा टपालखात्याचा शेरा मारून परत आलेले नोटिशीचे पाकीट फोडायचे नसते, तसेच फाइलला लावायचे असते. काही वर्षांनंतर न्यायालयात मालकाच्या बाजूने तेच बोलते.

1971 साली औद्योगिक विवाद कायद्यात कलम 11अ आले. त्यामुळे आरोप सिद्ध झाला तरी शिक्षा अवाजवी वाटल्यास ती कमी करण्याचा अधिकार न्यायालयाला मिळाला. उलट बाजूने, चौकशी सदोष ठरली किंवा झालीच नाही तरी मालकाला न्यायालयासमोर नव्याने पुरावा देता येतो, हे सर्वोच्च न्यायालयाने फायरस्टोन या टायर कंपनीच्या प्रकरणात (1973) स्पष्ट केले. ही मुभा आपोआप मिळत नाही. लेखी कैफियत, म्हणजे न्यायालयातील लेखी उत्तर, देतानाच ती मागून ठेवावी लागते. अनेक मालक ही एक ओळ विसरतात.

दुसरा औद्योगिक वाद प्रलंबित असताना त्याच्याशी संबंधित कामगाराला काढायचे असल्यास एक महिन्याचे वेतन देऊन मंजुरीचा अर्ज करणे (कलम 33(2)(ब)) सक्तीचे होते. तसे न केल्यास बडतर्फी निरर्थक ठरते, असा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाचा 2002 चा निकाल आहे.

मालकाला खरी धास्ती असते मागील वेतनाची, म्हणजे बडतर्फीपासूनच्या काळाच्या पगाराची. बडतर्फी बेकायदा ठरल्यास सेवासातत्यासह मागील वेतन देणे हा सर्वसाधारण नियम असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील एका अध्यापक महाविद्यालयाच्या प्रकरणात 2013 मध्ये सांगितले. कामावर परत घेण्याच्या निवाड्याविरुद्ध मालक उच्च न्यायालयात गेला, तर कामगार अन्यत्र नोकरीला नसल्यास कलम 17ब खाली त्याला शेवटचे वेतन देत राहावे लागे.

वाद नेण्याची मुदत जुन्या औद्योगिक विवाद कायद्यात तीन वर्षे होती. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत (2020) ती दोन वर्षांवर आली. महाराष्ट्राच्या 1971 च्या अनुचित कामगार प्रथांविषयीच्या कायद्याखालील तक्रारीला, म्हणजे बोलीतल्या ‘यूएलपी’ला, 90 दिवसांचीच मुदत दिलेली आहे.

पुष्कळ प्रकरणे तडजोडीने मिटतात. तेव्हा बडतर्फीचा आदेश मागे घेऊन त्या जागी ‘राजीनामा’ लिहिण्याचा प्रघात आहे. कामगाराचा आग्रह बरेचदा रकमेइतकाच या शब्दासाठी असतो, कारण पुढच्या नोकरीच्या अर्जात जुनी नोकरी का सोडली, हे लिहावे लागते.