भंगाराची प्रत भट्टीबाहेरच ठरते

जालन्यातल्या सळई कारखान्याच्या दारात भंगाराचा ट्रक आला की काट्यावर तो दोनदा चढतो, एकदा भरलेला आणि एकदा रिकामा. दोन वजनांतला फरक म्हणजे माल. पण या सगळ्या वजनाचे पैसे मिळत नाहीत. माती, रबर, लाकूड, तेल यांची वजावट होते आणि उरलेल्या लोखंडालाही एकच भाव नसतो. जाड प्लेटच्या कापांचा भाव वेगळा, लेथवर निघणाऱ्या किसाचा, म्हणजे टर्निंगचा, वेगळा आणि टिनटप्पराचा तर फारच खालचा. लोखंड तेच असताना भावात इतका फरक का पडतो, हे समजायला भट्टीपासून सुरुवात करावी लागते.

जालन्यात भंगार वितळते ते इंडक्शन भट्टीत. तांब्याच्या पोकळ नळीचे वेटोळे, त्यातून खेळणारे थंड पाणी आणि आत सिलिकाचे अस्तर ठोकून केलेला खोल हौद, अशी तिची रचना. वेटोळ्यातून प्रत्यावर्ती प्रवाह सोडला की हौदातल्या लोखंडात भोवरा प्रवाह निर्माण होतात, ते स्वतःच्याच रोधाने तापते आणि सुमारे १,६०० अंश सेल्सिअसला ओतण्याजोगा रस तयार होतो. हे काम ही भट्टी उत्तम करते, पण रस शुद्ध करण्याचे काम तिला फारसे जमत नाही. फॉस्फरस आणि गंधक काढायचे तर रसावर तरंगणारा मळ, म्हणजे मळी, चुनायुक्त लागते. सिलिकाचे अस्तर आम्लधर्मी असल्याने अशी मळी त्यालाच खात सुटते. म्हणून जे टाकाल ते बहुतांशी सळईत उतरते. रसायनशास्त्राचे निम्मे काम भंगाराच्या ढिगापाशीच, डोळ्यांनी आणि हातांनी उरकावे लागते. प्रतवारी म्हणजे हेच काम.

जगभरच्या व्यापारात सर्वाधिक बोलली जाणारी प्रत म्हणजे एचएमएस, अर्थात जाड वितळभंगार. अमेरिकी व्यापारी संघटनेच्या व्याख्येनुसार एचएमएस-१ मधला तुकडा किमान पाव इंच, म्हणजे साधारण ६ मिमी जाड हवा आणि ६० बाय २४ इंचांहून मोठा नको. एचएमएस-२ मध्ये जाडी निम्म्यावर येते आणि जस्त चढवलेला पत्राही चालतो. न्हावाशेवा बंदरात उतरणारा माल बहुधा ‘८०:२०’ या नावाने विकला जातो, म्हणजे ८० टक्के पहिली प्रत आणि २० टक्के दुसरी. आपल्याकडच्या अड्ड्यांवर मात्र माल कुठून निघाला त्यावरून नाव पडते. रोलिंग मिलचे एंडकटिंग, प्रेसचे पंचिंग, लेथचे टर्निंग-बोरिंग, दाबून बांधलेले बंडल, आणि बीड, म्हणजे ओतीव लोखंड. ही नावे अडाणी समजू नयेत. उगम कळला की रचना बरीचशी कळते. चाकण-भोसरीच्या प्रेस शॉपमधून निघालेली सीआरसी, म्हणजे थंड लाटलेल्या, पत्र्याची कात्रण स्वच्छ आणि एकसारखी असते. म्हणूनच कोल्हापूरच्या फाउंड्र्या तिला जास्त भाव देतात.

आकाराची अट कागदी वाटते, पण तिच्यामागे कारण आहे. लांब तुकडा भट्टीच्या तोंडात आडवा अडकला की त्यावर पुढचा माल साचतो आणि पूल तयार होतो. खालचा रस वरच्या मालापासून तुटतो, वीज चालूच राहते, रसाचे तापमान बेसुमार चढते आणि अस्तर झिजून रस वेटोळ्यापर्यंत पोचू शकतो. वेटोळ्यात पाणी असते, हे ध्यानात घ्या.

सर्वांत चिवट शत्रू तांबे. ऑक्सिजनची ओढ लोखंडाला तांब्यापेक्षा जास्त असते. म्हणून रसात ऑक्सिजन फुंकला तर आधी लोखंड जळेल, तांबे जागचे हलणार नाही. इथे विजेच्या ज्योतीवर चालणारी महागडी आर्क भट्टीही हात टेकते. बिलेट, म्हणजे सळई लाटण्याआधीची पोलादाची चौकोनी कांडी, रोलिंगसाठी तापवले की पृष्ठभागावरच्या लोखंडाची पापडी बनून ती गळते, पण तांबे गळत नाही. ते पापडीखाली साचत जाते. तांब्याचा वितळणबिंदू १,०८५ अंश आणि बिलेट तापते साधारण १,१०० ते १,२०० अंशांपर्यंत. मग वितळलेले तांबे पोलादाच्या कणांमधल्या सांध्यांत शिरते आणि रोलखाली बिलेटच्या अंगावर भेगा उमटतात. कथिल सोबतीला असले तर त्रास वाढतो, कारण ते तांब्याची पोलादात विरघळण्याची क्षमता घटवते.

हिशेब साधा आहे. १० टनांच्या घाण्यात, म्हणजे भट्टीत एका वेळी वितळणाऱ्या मालात, १० किलो तांबे गेले की प्रमाण ०.१ टक्क्याने वाढते. न सोललेल्या विजेच्या मोटारींचे एखादे पोते त्याला पुरते. सळई ०.४ टक्क्यांपर्यंत तांबे सोसते, पण गाडीच्या दारासाठी खोल दाबून घडवायच्या पत्र्याला ०.०६ टक्केसुद्धा जड जाते. म्हणून मोटारीचे आर्मेचर, वायरिंगचे जुडगे आणि फ्रिजचा कॉम्प्रेसर हातानेच वेगळा काढायचा. तांबे जास्त झालेच तर उपाय एकच, स्पंज आयर्न, म्हणजे खनिजापासून न वितळवता बनवलेले लोखंड, मिसळून ते पातळ करणे. मात्र खनिजातला फॉस्फरस स्पंज आयर्नमध्ये तसाच उतरतो, त्यामुळे एक आकडा खाली आणताना दुसरा चढतो.

दुसरा फसवा माल म्हणजे टर्निंग. लेथवर सहज कापले जावे म्हणून काही पोलादांत मुद्दाम ०.३ टक्क्यांच्या आसपास गंधक घालतात. अशा टर्निंगचा वाटा घाण्यात १० टक्के झाला तरी एकूण गंधक ०.०३ टक्क्याने वाढते. आयएस १७८६ या सळईच्या भारतीय मानकानुसार एफई ५००डी सळईला गंधकाची कमाल मर्यादा ०.०४० टक्के आहे, साध्या एफई ५०० ला ०.०५५. म्हणजे नुसत्या टर्निंगनेच पाऊण मर्यादा खाल्ली. काही जातींत शिसेही असते. ते पोलादात विरघळत नाही, जड असल्याने तळाला बसते आणि अस्तराच्या बारीक फटींतून झिरपते. टर्निंग कोणत्या कारखान्यातून आले हे विचारल्याशिवाय घेऊ नये.

ओळखायची साधने तीन. चुंबक ३०४ जातीचे स्टेनलेस धरत नाही. ग्राइंडरची ठिणगी कार्बन सांगते: सौम्य पोलादाच्या ठिणग्या लांब आणि कमी फुटीच्या, जास्त कार्बनच्या दाट चांदण्यांसारख्या फुटणाऱ्या, बिडाच्या आखूड आणि लालसर. हातातली क्ष-किरण बंदूक तांबे, क्रोमियम, निकेल काही सेकंदांत दाखवते, पण कार्बन तिला दिसत नाही. म्हणून ठिणगीची परीक्षा अजून टिकून आहे.

बंद वस्तूंबाबत तडजोड नको. शॉक अॅब्सॉर्बर, गॅसची टाकी, दोन्ही तोंडे दाबलेला पाइप भोक पाडून, तोंड उघडूनच आत जायला हवे. पाण्याची वाफ झाली की आकारमान सुमारे १,७०० पट होते. रसाखाली अडकलेले वाटीभर पाणी भट्टीवरच्या माणसाच्या जिवावर बेतते. पावसाळ्यात ओले भंगार गरम रसात थेट टाकू नये, याचेही कारण हेच. जस्त चढवलेला पत्रा स्फोट करत नाही, पण जस्त ९०७ अंशांनाच उकळते. त्याचा पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप भरतो. भट्टीवरचे कामगार हे निमूट सोसतात. ते सोसावे लागू नये म्हणून धूर ओढणारे हूड चालू ठेवणे मालकाचे काम आहे.

किरणोत्सर्गी वस्तू नजरेला सापडत नाही. एप्रिल २०१० मध्ये दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात विद्यापीठाने लिलावात काढलेले जुने गॅमा यंत्र फोडले गेले आणि त्यातल्या कोबाल्ट-६० मुळे एकाचा मृत्यू झाला. कोबाल्ट वितळला तर पोलादातच राहतो. १९८३ मध्ये मेक्सिकोतल्या सिउदाद हुआरेस इथे असेच एक उपचारयंत्र भंगारात गेले आणि त्याच्या सळ्या झाल्या. जानेवारी १९८४ मध्ये त्या नेणारा ट्रक अमेरिकेतल्या लॉस अलामोस प्रयोगशाळेच्या दारातून गेला, तिथला किरणोत्सर्ग ओळखणारा गजर वाजला आणि सारे उघडकीस आले. सीझियम हे दुसरे किरणोत्सर्गी द्रव्य वेगळे वागते. ते वाफ होऊन धुरात जाते, म्हणून सळई स्वच्छ निघते आणि गाळणीतली धूळ दूषित होते. त्यामुळे गजर फाटकावर हवा आणि धूळ उचलून नेतो तिथेही हवा. २००४ मध्ये गाझियाबादच्या कारखान्यात आयात भंगारातले जिवंत तोफगोळे फुटून १० कामगार गेले. म्हणून परदेशी माल निघण्यापूर्वी तो स्फोटकांपासून आणि किरणोत्सर्गापासून मुक्त असल्याच्या तपासणी दाखल्याचा आग्रह धरायचा.

आता भाव. समजा एक माल ३६ रुपये किलोने मिळतो आणि १०० किलोतून ९४ किलो रस देतो. दुसरा ३३ रुपयांना, पण ८४ किलोच देतो. रसाच्या किलोला पहिला ३८.३० रुपयांना पडला, दुसरा ३९.२९ ला. त्यातच गंज आणि माती तापवायलाही वीज लागते, वर मळी काढायचा वेळ जातो तो निराळा. स्वस्त दिसणारा माल असा महाग पडतो. टर्निंगचे तेल-पाणी जोखायला प्रयोगशाळाही लागत नाही. ढिगाच्या वेगवेगळ्या जागांवरून एक किलो नमुना घ्या, उघड्यावर लोखंडी तव्यात धूर थांबेपर्यंत तापवा, पुन्हा तोला. घटलेले वजन म्हणजे वजावट.

वरचा थर उत्तम आणि खाली माती-टिन, ही जुनी खोड. म्हणून वजावट ट्रकवर चढून नव्हे, निम्मा माल उतरल्यावर ठरवावी. आयात कंटेनरचे सील तोडण्यापूर्वी सीलचा क्रमांक वाचता येईल असे छायाचित्र घ्यावे, उतरवताना मधल्या आणि तळाच्या थराचेही घ्यावे, काटा पावती सोबत ठेवावी आणि तपासणी होईपर्यंत तो माल वेगळ्या ढिगात पडू द्यावा. मुख्य ढिगात मिसळलेल्या मालावर विकणाऱ्याकडे कोणताही दावा चालत नाही.