लेआउट

लेआउट म्हणजे ठरावीक जागेत कोणती गोष्ट कुठे, किती जागा व्यापून आणि कशाच्या शेजारी राहील याची आखणी. त्या आखणीच्या आराखड्यालाही लेआउटच म्हणतात. मराठीत प्रसंगानुसार मांडणी, रचना, आखणी असे शब्द वापरले जातात.

हा शब्द सर्वांत जास्त मुरला तो छापखान्यात. वृत्तपत्रात ‘पान लावणे’ म्हणजे बातम्या, मथळे, छायाचित्रे आणि जाहिराती कॉलमांत बसवणे. घडीच्या वरच्या भागात काय जाते, यावरून संपादकाने कशाला महत्त्व दिले ते कळते. पूर्वी आधी कागदावर डमी म्हणजे पानाचा कच्चा आराखडा आखत, मग ब्रोमाइडचे (मजकूर छापलेल्या छायाचित्र-कागदाचे) तुकडे कापून चिकटवत. १९८५ मध्ये आल्डस कंपनीचे पेजमेकर हे संगणकावर पान लावण्याचे सॉफ्टवेअर आल्यावर हे काम हळूहळू पडद्यावर सरकले. समास आणि कोरी जागा हाही लेआउटचाच भाग. नवखा माणूस मात्र ती भरून काढायला बघतो.

नगररचनेत जमिनीवर रस्ते, भूखंड आणि मोकळ्या जागा आखून दाखवणारा नकाशा म्हणजे लेआउट. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन बेटासाठी १८११ मध्ये केलेल्या आराखड्यात १२ उभे आणि १५५ आडवे रस्ते होते. त्या बेटाचा बराचसा भाग आजही त्याच चौकटीत आहे. इमारतीच्या पायाची जागा चुन्याच्या रेघांनी आखतात, तेही लेआउटच. तिथे काटकोन जुळला की नाही हे ३, ४ आणि ५ या प्रमाणातल्या त्रिकोणाने तपासतात.

कारखान्यात प्रश्न असतो यंत्रांच्या क्रमाचा. फोर्डच्या हायलँड पार्क कारखान्यात १९१३ मध्ये सरकती जुळणी-रेषा सुरू झाली आणि मोटारीची चेसिस (खालचा सांगाडा) जोडायला लागणारा सुमारे साडेबारा तासांचा वेळ काही महिन्यांत दीड तासाच्या आसपास आला. जहाजबांधणीत उलटे असते: वस्तू जागेवर राहते, माणसे आणि अवजारे तिच्याकडे जातात.

कळफलकाचा लेआउट एकदा बोटांत बसला की बदलणे किती अवघड, याचे उदाहरण म्हणजे क्वर्टी, म्हणजे वरच्या ओळीत Q-W-E-R-T-Y ने सुरू होणारा नेहमीचा इंग्रजी कळफलक. क्रिस्टोफर शोल्सच्या टंकलेखन यंत्राबरोबर १८७४ मध्ये तो बाजारात आला. टंकलेखकाचा वेग मुद्दाम कमी करण्यासाठी तो तसा केला, असे सर्रास सांगितले जाते. त्याला भक्कम पुरावा नाही. १९३६ मध्ये ऑगस्ट ड्वोरॅकने सर्वाधिक लागणारी अक्षरे मधल्या ओळीत आणणारी रचना पेटंट केली, पण लोक हलले नाहीत. भारतीय लिपींसाठीच्या इनस्क्रिप्टमध्ये स्वर डाव्या हाताला आणि बहुतेक व्यंजने उजव्या हाताला असतात. ‘क’ची कळ शिफ्टसह दाबली की ‘ख’ उमटतो. बांगला लिपीतही ‘क’ त्याच कळेवर आहे, त्यामुळे एक लिपी शिकलेल्याला दुसरी फारशी जड जात नाही.

इलेक्ट्रॉनिक चिपमधील घटकांच्या व जोडण्यांच्या भौमितिक रचनेलाही लेआउट म्हणतात. तिला अमेरिकेत १९८४ च्या, तर भारतात २००० च्या कायद्याने स्वतंत्र संरक्षण मिळाले. दोन्हीकडे मुदत १० वर्षांची आहे.

जिम्नॅस्टिक्समधला लेआउट मात्र वेगळाच: शरीर सरळ ताठ ठेवून मारलेली हवेतली कोलांटी. गुडघे छातीशी घेतले तर तो टक, पाय सरळ ठेवून कमरेत वाकले तर पाइक.