आयमारात ‘लहान होणं’ आणि ‘लहान करणं’

आयमारा शिकायला घेतली की -प्ता- आणि -चा- या दोन प्रत्ययांची गल्लत सहज होते. दोन्ही विशेषणाला किंवा नामाला लागून त्याचं क्रियापद करतात, आणि दोन्हींत काहीतरी बदलतं. तितिकाका सरोवराभोवती, म्हणजे बोलिव्हिया आणि दक्षिण पेरूत, शिवाय उत्तर चिलीतही बोलली जाणारी ही भाषा प्रत्ययांवरच उभी आहे. त्यामुळे इथे घाई करून चालत नाही.

जाच’आ म्हणजे मोठा, जिस्क’आ म्हणजे लहान. (’ ही खूण दिसली की घशात श्वास अडवून व्यंजन फटकन सोडायचं. ज मात्र या शब्दांत ‘ह’सारखा म्हणायचा.) -प्ता- लागला की बदल त्या वस्तूतच घडतो: जाच’आप्तान्या, मोठं होणं. -चा- आला की मागे कुणीतरी करणारा असतो. उता म्हणजे घर, आणि उताचान्या म्हणजे घर बांधणं. आपल्या लांबणं-लांबवणं या जोडीसारखंच हे.

मला सगळ्यात महत्त्वाची वाटते ती जिस्क’आची जोडी. जिस्क’आप्तान्या म्हणजे नुसतं लहान होणं. जिस्क’आचान्या म्हणजे शब्दशः लहान करणं, पण माणसाबद्दल वापरलं की अर्थ होतो तुच्छ लेखणं, अपमान करणं. ‘हीन’वरून ‘हिणवणं’ आलं, तसंच. बोलिव्हियात आयमारा माणसं भेदभावाविषयी बोलताना हा शब्द वापरतात. तिथे चुकून -प्ता- घातला तर हिणवणारा वाक्यातून गायबच होतो, आणि अन्याय आपोआप घडल्यासारखा वाटतो. म्हणून हा फरक नीट घोटायला हवा.

बदल कुठवर आला, हे पुढचे प्रत्यय सांगतात. जाच’आप्तिवा: मोठं झालं. जाच’आप्तास्किवा: मोठं होतंय, अजून चालू आहे. जाच’आप्त्खिवा: मोठं होऊन गेलंसुद्धा. किती बदल झाला, यासाठी मात्र वेगळे शब्द आहेत: मा जुक’आ म्हणजे थोडंसं, वालि म्हणजे खूप. जुक’आम्पि म्हणजे ‘आणखी’, आणि तो आला की तुलना उघड होते: जुक’आम्पि जाच’आप्तिवा, आणखी मोठं झालं.

एक गुंता उरतो. -या- हा प्रयोजक प्रत्यय आहे: जिवान्या मरणं, जिवायान्या मारणं. तो -प्ता-नंतरही येतो, आणि जाच’आप्तायान्या म्हणजे मोठं व्हायला लावणं. करणारा इथेही आहे, पण -चा- एका दमात जे सांगतो ते इथे दोन पायऱ्यांनी येतं: आधी होणं, मग ते घडवणं.