डोळ्यात रक्त उतरलंय? पांढऱ्यावर की बुबुळासमोर, ते आधी बघा

एअरबॅग उघडून तोंडावर आदळली आणि डोळा लाल झाला की सल्ला ठरलेला: 'रक्त उतरलंय, जाईल आपोआप.' हे दोन अगदी वेगळ्या दुखापतींना सरसकट लावलं जातं, आणि त्यातली एक नजर घालवू शकते.

पहिली सगळ्यांच्या ओळखीची. पांढऱ्या भागावर लालभडक डाग. जोराच्या खोकल्यानेही येतो. दुखत नाही, दिसतं नीट, एक-दोन आठवड्यांत ओसरतो.

दुसरी म्हणजे हायफिमा. इथे रक्त पारदर्शक पटल आणि बुबुळ यांच्यामधल्या पोकळीत साचतं. पिशवीच्या तडाख्याने डोळा चेपला जातो आणि बुबुळाच्या मुळाशी चिरतं. पांढरा भाग मात्र जवळजवळ स्वच्छ राहू शकतो. फसगत होते ती इथेच. जखमी आडवा असेल तर रक्त आतल्या पाण्यात पसरलेलं असतं. बघणाऱ्याला बुबुळ फक्त जरा मळकट वाटतं. बसता झाला की गढूळ पाण्यातला गाळ बसावा तसं ते तळाशी साचतं, वर आडवी रेघ दिसते. म्हणून स्ट्रेचरवरचा फोटो बघून 'काही नाही' म्हणणाऱ्यांचा मला संताप येतो. मानेला मार असेल तर रेघ बघायला उठवूही नका. धुरकट दिसतंय, एवढं कारण डोळ्यांच्या डॉक्टरकडे त्याच दिवशी जायला पुरेसं आहे.

साचलेल्या रक्ताने पाण्याचा निचरा तुंबतो, डोळ्यातला दाब चढतो. शिवाय दुसऱ्या ते पाचव्या दिवसात पुन्हा रक्तस्राव होण्याचा धोका असतो, आणि तो पहिल्यापेक्षा मोठा असू शकतो. 'तिसऱ्या दिवशी बरं वाटतंय' याला काही अर्थ नाही. डोकं उंच ठेवून झोपा. दुखलं तर पॅरासिटामॉल. ॲस्पिरिन, आयब्युप्रोफेन मनाने घेऊ नका. कापूस लावून घट्ट पट्टी तर मुळीच नको, डोळ्याला न टेकणारं कडक कवच हवं. रक्त निवळल्यावरही दाब तपासत राहायचा, कारण काचबिंदू काही वर्षांनीही उद्भवू शकतो.

पांढऱ्यावरचा डागही एका वेळी साधा नसतो: चहूबाजूंनी फुगलेला असेल, बाहुली एकीकडे ओढलेली दिसत असेल किंवा दिसणं कमी झालं असेल, तर डोळा फाटलेला असू शकतो. त्याला हात लावू नका, दाबू नका. तशी शंका नसेल आणि पिशवीची भुकटी डोळ्यात गेली असेल, तर ती अल्कधर्मी असते. दवाखान्यात निघण्याआधीच निदान 15-20 मिनिटं वाहत्या स्वच्छ पाण्याने डोळा धुवा.