कांदळवनाचा नकाशा: पिक्सेल, ओहोटी आणि सर्व्हे नंबर

मुंबईतल्या हिरवाईचा नवा आकडा आला की वाद ठरलेला. हिरवाई वाढली म्हणणारे आणि घटली म्हणणारे दोघेही बहुधा वेगवेगळी चित्रे पाहत असतात.

1972 साली अमेरिकेचा पहिला लँडसॅट उपग्रह सुटला. त्याच्या चित्रातला एक पिक्सेल जमिनीवर साधारण 80 मीटर लांब-रुंद, म्हणजे दीड एकराहून मोठा. बोरिवलीचे जंगल त्यात दिसे, पण दादर-माटुंग्यातली रस्त्याकडेची झाडे छपरांत आणि डांबरात विरून जात. मोजायची रीत मात्र त्याच दशकात ठरली, ती आजही चालते. पान लाल प्रकाश शोषते आणि डोळ्यांना न दिसणारा ‘जवळचा अवरक्त’ प्रकाश परत फेकते. अवरक्तातून लाल वजा करायचा आणि त्याला दोघांच्या बेरजेने भागायचे. हा एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाईचा निर्देशांक. पाण्यावर तो सहसा शून्याखाली जातो, उघड्या मातीवर 0.1-0.2 च्या आसपास राहतो आणि दाट झाडीवर 0.6 च्या पुढे जातो. पवई तलावातली जलपर्णीही याच हिशोबाने ‘हिरवाई’ ठरते, ती हाताने वगळावी लागते.

भारताचा आयआरएस-1ए उपग्रह 1988 मध्ये गेला आणि 1995 च्या आयआरएस-1सी पासून 23.5 मीटरचे रंगीत चित्र मिळू लागले. एका हेक्टरात असे जेमतेम 18 पिक्सेल बसतात. भारतीय वन सर्वेक्षणाची व्याख्याही हेक्टराचीच आहे: किमान 1 हेक्टर जागा आणि तिच्यावर 10 टक्के छत्र, म्हणजे झाडांच्या फांद्या-पानांची सावली, मग मालक कोणी असो आणि झाड कुठलेही असो. 2021 च्या अहवालात मुंबईचे वनाच्छादन 110.77 चौ. किमी आहे ते या अर्थाने. 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार होणारी वृक्षगणना खोड मोजते. क्षेत्रफळाची तुलना खोडांशी करून काहीच हाती लागत नाही.

नकाशाला कायदेशीर वजन आले ते कांदळवनामुळे, म्हणजे खाडीकाठच्या खारफुटीमुळे. 2005 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने खारफुटीच्या तोडीवर बंदी घातली आणि उपग्रहचित्रांवरून नकाशे करायला लावले. नागपूरच्या महाराष्ट्र सुदूर संवेदन केंद्राकडे हे काम आले. यात दोन अडचणी होत्या. पहिली भरतीची. असे उपग्रह सकाळी साडेदहा-अकराच्या सुमारास डोक्यावरून जातात. मुंबईत अमावास्या-पौर्णिमेला त्या वेळी उधाणाची भरती चढत असते, त्यामुळे बुटकी तिवरे पाण्याखाली जाऊन नकाशातून गळतात. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी चढणारी भरती असते आणि त्याच वेळी ओहोटी. म्हणून चित्र निवडताना ढगांइतकेच पंचांगही पाहावे. चिखल ओला असल्याने लघुतरंग अवरक्त पट्ट्यात कांदळवन काळसर दिसते, त्यावरून शेजारची कोरडी झुडपे वेगळी काढता येतात.

दुसरी अडचण जमीन-अभिलेखांची, आणि खरी डोकेदुखी हीच. नकाशा सर्व्हे नंबरवर बसवल्याशिवाय जमीन वनखात्याच्या ताब्यात जात नाही. जुने गाव-नकाशे कापडा-कागदावरचे, आकसलेले. रस्त्यांचे जुने नाके, बांध, देवळे अशा न हललेल्या खुणांचे जीपीएसने मोजमाप घेऊन ते ताणून बसवावे लागतात. 15 मीटरची चूक राहिली तरी तिवरे शेजाऱ्याच्या नंबरात जातात, आणि भोवतालचा 50 मीटरचा संरक्षित पट्टाही सोबत सरकतो.

2015 पासून युरोपच्या सेंटिनेल-2 उपग्रहाची 10 मीटरची चित्रे फुकट मिळतात. तरीही एकट्या झाडाचे 6 मीटर व्यासाचे छत्र जेमतेम 28 चौ. मीटर, म्हणजे पिक्सेलच्या चौथ्या हिश्शाहून थोडे जास्त. सप्टेंबरच्या चित्रात मोकळ्या प्लॉटवरचे गवतही उद्यानासारखे दिसते, तर एप्रिलमध्ये बोरिवलीच्या जंगलातले साग निष्पर्ण असतात. दोन वर्षांची तुलना करायची तर दोन्ही चित्रे एकाच महिन्यातली घ्यावीत, शक्यतो डिसेंबर-जानेवारीची. बारीक चित्र आधी भरड करून जुन्याच्या मापाचे करावे. तसे न केल्यास पूर्वी न दिसलेली झाडे नव्याने लावलेली म्हणून मोजली जातात.